मशरूम कोरल आक्रसतंय? लाइटला हात लावू नका, आधी खारटपणा मोजा

तुमचा फोटो बघून धस्स झालं. तीन महिन्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक, मशरूम कोरल (मऊ, चकतीसारखं प्रवाळ) बटणाएवढं झालंय, तोंड उघडं, कडा फिकट, आणि दुकानदार म्हणतो लाइट कमी पडतोय. मलाही अगदी हेच सांगितलं होतं. कृपा करून लाइट वाढवू नका.

सायकलिंग (नव्या टँकमध्ये उपयोगी जिवाणू रुजवणं) वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

तुम्हीही सोलापूरचेच, म्हणून सांगतो. एप्रिलात पारा ४२ च्या वर. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडेना, म्हणून मी पाण्यावर दोन पंखे लावले. पाणी २७ अंशांवर राहिलं, पण रोज दोन लिटर उडून जायचं. ती भरती मी मीठ कालवलेल्या पाण्याने करत होतो! पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे डोक्यातच आलं नाही. लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे रोज ७० ग्रॅम जादा; दहा दिवसांत शंभर लिटरच्या टँकमध्ये ७०० ग्रॅम. काचेच्या वरच्या कडेला मिठाची पांढरी खपली धरायची, ती मी रोज फडक्याने पुसत होतो. काट्याचा हायड्रोमीटर (खारटपणा पाण्याच्या घनतेवरून दाखवणारं साधन) १.०२५ च, म्हणजे साधारण समुद्राएवढाच, दाखवायचा, कारण काट्यावरच मीठ साचून तो जड झाला होता. शेवटी एका मित्राच्या रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं साधन) मोजलं तर १.०३१.

तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. कोरल जिथून आणलं त्या दुकानात फोन केला. खारटपणा किती, एवढंही न विचारता "लाइट वाढवा" म्हणाले. एलईडी ४० टक्क्यांवरून ८० वर नेला. आधीच ताणात असलेल्या कोरलने अंगातलं, त्याला अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकलं, चार दिवसांत पांढरं पडलं, दगडावरून सुटलं आणि एक तुकडा पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला. माझ्या पाच मशरूमांतले दोनच वाचले. त्याचा राग अजून जात नाही.

माझ्या मते (तुमचा टँक मी पाहिलेला नाही, हे लक्षात ठेवा) लाइट ३० टक्क्यांवर आणा, मशरूम खाली वाळूजवळ दगडाच्या सावलीत ठेवा. खारटपणा जास्त निघाला तर नुसतं आरओचं पाणी घालून रोज ०.००१ एवढाच उतरवा, घाईने नाही. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ३०-४० लिटर आरओ पाणी कायम भरून ठेवा; आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याने फरशी पुसा.

झोआंथिड (प्रवाळासारखेच दगडावर झुबक्याने वाढणारे जीव) हाताळताना हातमोजे घाला, त्यांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, आणि ते वाढलेला दगड कधीही उकळू नका. कुणी कडक (दगडी सांगाड्याचं) कोरल गळ्यात मारत असेल तर घेऊ नका: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते येतात. मी वकील नाही, पण यात धोका पत्करू नका.

आज रात्रीच मोजा आणि आकडा इथे टाका. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर माझा घेऊन जा, फक्त मोजण्याआधी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने तो जुळवून घ्या.