मक्याच्या स्टार्चची फिल्म वाळताना का तडकते, आणि शेवेच्या पाकिटाला ती चालेल का?

तुम्ही इंदूरला कॉर्नफ्लोअर, पाणी आणि ग्लिसरीन शिजवून फिल्म काढताय, ती तडकते, आणि तिची शेवेची पाकिटं करायची आहेत. तडकणं आवरता येईल. पाकीट मात्र नुसत्या स्टार्चचं होणार नाही.

सियागंज बाजारातून मक्याचं पिवळं पीठ आणलं असेल तर ते बाजूला ठेवा, त्यातली प्रथिनं आणि तेल फिल्म धरू देत नाहीत. पांढरा कॉर्नफ्लोअरच हवा. ५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर १०० मिली थंड पाण्यात कालवा (गरम पाण्यात गुठळ्या होतात) आणि १.५ ग्रॅम ग्लिसरीन घाला, म्हणजे स्टार्चच्या ३० टक्के. हे दशांश दाखवणाऱ्या छोट्या काट्यावरच मोजा. चमच्याचा अंदाज इथे घात करतो: ग्लिसरीन २० टक्क्यांखाली गेलं की फिल्म ठिसूळ, ४० च्या वर चिकट. व्हिनेगरची गरज नाही; आम्लात जास्त वेळ शिजवलं तर स्टार्चच्या रेणूंच्या साखळ्या तुटून फिल्म कच्ची होते.

मिश्रण ७० अंशांच्या आसपास दाट होतं आणि बरेचजण तिथेच गॅस बंद करतात. तेव्हा स्टार्चचे बरेच कण पुरते फुटलेलेच नसतात. ९० अंशांवर १५ मिनिटं सावकाश ढवळा, फेटू नका, बुडबुडे अडकतात. भांड्यासकट वजन आधीच करून ठेवा आणि आटलेलं पाणी शेवटी गरमच भरा.

हे सगळं २० बाय २० सेंटिमीटरच्या, काठ असलेल्या अ‍ॅक्रिलिक ट्रेमध्ये ओता. स्टीलला चिकटतं. ट्रे अगदी सपाट हवा. वाळल्यावर जाडी साधारण ०.१२ मिमी येते. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलं तर वरचा थर आधी सुकून आकसतो, कडा वळतात आणि मधून चीर जाते. सावलीत, मलमल झाकून, पंख्याशिवाय वाळवा. पावसाळ्यात ४०–४५ अंशांचा ओव्हन लागेल, नाहीतर बुरशी.

आता पाकीट. ही फिल्म तेल आणि ऑक्सिजन छान अडवते, पण ओलावा आरपार जाऊ देते, त्यामुळे जुलैत शेव सादळणारच. फिल्म स्वतःही पाणी ओढून लुळी पडते, उष्णतेने नीट सील होत नाही, आणि काही आठवड्यांत साखळ्या पुन्हा घट्ट बसून कडक होते. बाजारातल्या कंपोस्टेबल (खतात कुजणाऱ्या) पिशव्यांत स्टार्चबरोबर पीबीएटीसारखा पॉलिमर (लवचिक, कुजणारं प्लास्टिक) असतो तो यासाठीच. ‘कंपोस्टेबल’ लिहून विकायचं तर आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पीएलएकडे (पॉलिलॅक्टिक आम्ल, वनस्पतींपासून बनणारं प्लास्टिक) वळणार असाल तर लक्षात ठेवा, त्याला ५८ अंशांच्या आसपासचं तापलेलं कंपोस्ट लागतं. परसातल्या खड्ड्यात तो वर्षानुवर्षं पडून राहील.

मला विचाराल तर हेच मिश्रण क्राफ्ट कागदावर ब्रशने लावा. दोन पातळ हात, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. घडीवर थर फुटत असेल तर ग्लिसरीन ३५ टक्के करा. सुट्या, त्याच दिवशी संपणाऱ्या शेवेच्या पुड्यांना तेल बाहेर न फुटण्याइतकं ते पुरतं.