बीपीची गोळी आणि फुगलेल्या हिरड्या

ताई, सासूबाईंना आठ महिन्यांपासून अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे, पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगून खाली उतरल्यात आणि दुखत मात्र नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. अगदी हेच आमच्या बाबांचं झालं होतं. दोन टूथपेस्ट बदलल्या, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी नौपाड्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी हिरडी दाबून बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "बीपीची गोळी कुठली?"

अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन या जातीच्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. फिट्सवरच्या फेनिटोइननेही वाढतात. दातांवर कीटण असलं की वाढ जोर धरते, म्हणून आधी नीट सफाई करून घ्या. बाबांच्या फिजिशियननी गोळी बदलून दिली आणि काही महिन्यांत हिरड्या बऱ्याच ओसरल्या. सगळ्यांच्या ओसरतातच असं नाही, कधी जास्तीची हिरडी कापावी लागते. पण कृपा करून गोळी स्वतःहून बंद करू नका. हिरडी थांबेल, बीपी थांबणार नाही.

तोंड कोरडं पडतंय का, हेही त्यांना विचारा. बाबांना अ‍ॅलर्जीची गोळी रोज असायची. पोळीचा घास टाळूला चिकटायचा, दर घासाला पाणी लागायचं. त्यावर उपाय म्हणून तलावपाळीला फिरताना गालात लिमलेटची गोळी ठेवायचे. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती कमी आणि वर दिवसभर साखर, त्यामुळे हिरडीच्या कडेला तीन दात किडले. ते किडणं टाळता आलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं. पाण्याचे घोट आणि बिनसाखरेचं च्युइंगम एवढ्यानेही फरक पडतो.

दम्याचा स्टिरॉइड पंप असेल तर दर वेळी चूळ भरायची, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेट असेल, किंवा त्यासाठी वर्षातून एकदाचं इंजेक्शन झालं असेल, तर दात काढायच्या आधी ते सांगायलाच हवं. क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही दाखवा, आणि दात काढायचा म्हणून ती घरच्या घरी थांबवू नका.