चिप्सच्या हिशोबातून करिअर होईल का?

प्रश्न: मी बडोद्यात एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मावसभावाकडून पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या सॅटेलाइट स्पर्धांविषयी कळलं. तिथे जिंकणाऱ्यांना रोख बक्षीस मिळत नाही, मोठ्या स्पर्धेची सीट मिळते. कोणाकडे किती चिप्स (पैशांच्या जागी लावायच्या चकत्या) उरल्यात त्यावरून सीटची शक्यता सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला. एकूण चिप्समधला वाटा गुणिले सीटची संख्या, असा हिशोब केला. बाबा म्हणतात हा जुगार आहे, यात करिअर कसलं? मला मात्र हेच काम आवडतं. काय करू?

उत्तर: अगं, परीक्षेत कुणी विचारलेला नसताना तू हा प्रश्न घेऊन बसलीस, याचं मला फार कौतुक वाटलं. पण आधी तुझं सूत्र तपासू, करिअरचं उत्तर त्यातूनच निघेल.

समज, तिघे उरलेत आणि सीट दोन आहेत. चिप्स ५,०००, ३,००० आणि २,०००. तुझ्या सूत्राने पहिल्याची शक्यता १०० टक्के येते, पण खेळ अजून चालू आहे आणि तो हरू शकतो. एकूण १०,००० पैकी त्याच्याकडे ६,००० असते तर तूच त्याला १२० टक्के दिले असतेस.

डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये शर्यतीतल्या घोड्यांच्या क्रमासाठी एक रीत मांडली. ती पोकरमध्ये आणली मेसन मॅलमथ यांनी. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या वाट्याइतकी धरायची. मग त्याला बाजूला काढून उरलेल्यांत पुन्हा तोच नियम लावायचा. या रीतीने पहिल्या दोघांत येण्याची शक्यता निघते ८३.९, ६७.५ आणि ४८.६ टक्के. बेरीज २०० टक्के, म्हणजे बरोबर दोन सीट. वीस टक्के चिप्सवाल्याला जवळजवळ निम्मी संधी आहे, बघ!

आता ३,००० वाल्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. ५,००० वाल्याने कॉल करून, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून, जिंकलं तर दोघेच उरतात आणि सीट पक्की. हरला तर त्याच्याकडे २,००० उरतात आणि शक्यता ५५ टक्क्यांवर येते. ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या चिप्स) बाजूला ठेवले तर फोल्ड करून, म्हणजे डाव सोडून, ८३.९ टक्के हातात आहेतच. म्हणजे कॉल परवडायला तो डाव जिंकण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के हवी. नुसत्या चिप्स मोजल्या तर ५० पुरले असते. सीट सगळ्यांना सारखीच, जास्तीच्या चिप्सना पुढे किंमत नाही, म्हणून हा फरक पडतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, आणि तुझ्या सूत्रात ती दिसूच शकत नव्हती.

या रीतीला मर्यादा आहेत. खेळाडूचं कौशल्य, बसण्याची जागा, वाढते ब्लाइंड यांतलं काहीच ती पाहत नाही. शिवाय वीस खेळाडू आणि दहा सीट असतील तर तपासायचे क्रम ६७ हजार कोटींच्या वर जातात. तिथे सिम्युलेशन कर, म्हणजे संगणकावर पुन्हा पुन्हा यादृच्छिक निकाल काढून मोज: प्रत्येक खेळाडूला चिप्सच्या प्रमाणात दर असलेला एक्स्पोनेन्शियल काळ (घटना घडेपर्यंतचा यादृच्छिक काळ) दे आणि ज्यांचे काळ सर्वांत लहान त्यांना सीट दे. क्रमांच्या शक्यता नेमक्या हार्व्हिलच्याच येतात.

हा एक्स्पोनेन्शियल काळ तुला विमा गणितात पुन्हा भेटेल. कोण किती काळ टिकेल याचा अंदाज बांधून प्रीमियम ठरवणं हे ॲक्चुअरीचं रोजचं काम. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, म्हणजे तुला आत्ताही. पुढचे पेपर एकेक करून सुटतात, वर्षं लागतात, धीर हवा. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर तिसऱ्या वर्षात आयआयटीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर दे, आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एम.स्टॅट. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचीही प्रवेश परीक्षा दे. प्रोग्रॅम लिहिण्यात तुझा हात चालतो, म्हणून मी तुला आधी एम.स्टॅट. सुचवेन.

बाबांचं म्हणणं मात्र उडवून लावू नकोस. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा नशिबाचा खेळ ठरवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं गुन्हा ठरवलं, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. तेव्हा पोकर खेळणं किंवा अशा कंपनीसाठी काम करणं हा पोटापाण्याचा रस्ता धरू नकोस, हे मी स्पष्टच सांगते. मावसभावालाही आकडे पुरवू नकोस.

प्रोग्रॅम मात्र टाकून देऊ नकोस. सूत्र दुरुस्त कर, हार्व्हिलची रीत आणि सिम्युलेशन यांची उत्तरं शेजारी शेजारी मांड आणि विभागातल्या प्राध्यापकांकडे प्रोजेक्ट म्हणून घेऊन जा. त्या भेटीला बाबांनाही सोबत ने.