फँटसी कादंबरीत लेस्बियन आणि ऑटिस्टिक नायिका कशी लिहावी, मी स्वतः दोन्ही नसताना?

तुमच्या कादंबरीतली चेटकीण लेस्बियन आहे, ऑटिस्टिकही आहे, तुम्ही दोन्ही नाही. ती खोटी वाटू नये म्हणून काय वाचावं आणि प्रकाशक असलं घेतात का, असं विचारलंय तुम्ही. वाचायच्या याद्या इतर देतीलच. मी दोन्ही आहे, आणि या विषयावर माझं एका संपादकांशी 2018 पासून भांडण चालू आहे. त्यांना ते माहीत नाही, एवढंच.

त्या वर्षी एका दिवाळी अंकाला मी कथा पाठवली होती. नदीकाठचं गाव. बायकांच्या हातातल्या काचेच्या किणकिणीमुळे नदीतलं काही गावात शिरत नाही, म्हणून एकीचाही हात रिकामा चालत नाही. नायिकेला तो आवाज भातात खडा लागावा तसा दातात जातो. दर अमावस्येला कासारीण येते. बाकीच्यांचे हात दाबून बघते, हिला मात्र लांबूनच म्हणते, "तुझं सव्वादोन." आणि एका अमावस्येला हिच्यापुरत्या लाखेच्या बांगड्या घेऊन येते. लाख काचेसारखी वाजत नाही. झालं त्यांचं प्रेमप्रकरण. पंधरा पानांत 'प्रेम' हा शब्द नाही.

आता, आपल्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढते'. नायिकेला हे कळतं, पण तोंडातून निघत नाही. फुटली की ती 'फुटली' म्हणते, आणि त्या गावात तसं म्हटलं की काचेतला मंत्र खरंच सुटतो.

हे काही कल्पनेतून आलं नव्हतं. नऊ वर्षांची असताना चुलतबहिणीच्या चुड्याच्या दिवशी सगळ्या बायकांत बसून मी मोठ्यांदा सांगितलं होतं, "काकूची बांगडी फुटली." फुटलीच होती. तुकडा माझ्या पायाशी होता. खोली गप्प झाली आणि आजीने दंडाला धरून मला माजघरात नेऊन बसवलं. मी तिथे तासभर विचार करत होते की फुटली नव्हती की काय. 36व्या वर्षी निदान झालं, तेव्हा डॉक्टरबाईंनी लहानपणाचं काही विचारलं आणि पहिल्यांदा ते माजघर आठवलं.

तर संपादकांचा फोन आला गौरीजेवणाच्या दिवशी. मी पुरण वाटत होते, फोन खांद्यात. समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, हा कलम 377चा निकाल लागून दहा दिवस झाले होते. म्हणाले, कथा उत्तम, दोनच बारीक बदल. शेवटी कळू दे की तिला साती आसरांनी धरलं होतं. उतारा होतो, ती बरी होते. आणि कासारणीचा कासार करा, "अक्षराचा तर फरक." मी म्हटलं, कासारीणच हवी. मग मैत्रिणी ठेवा म्हणाले, नाहीतरी एकमेकींना 'अगं'च म्हणतात. वर हेही, की बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं नाटक तेंडुलकरांनी 1981 सालीच केलं, 'मित्राची गोष्ट', आता यात धाडस ते काय?

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला फोनवर उत्तरं सुचत नाहीत, साधारण चार दिवसांनी सुचतात. या वेळी जरा जास्त लागले.

बरी करू नका. जादू हाताशी असली की हा मोह होतोच, आणि आपल्याकडे आसरा, हडळ, लागीर सगळा माल तयार. पण ते नारळ-लिंबू माझ्यासारख्यांवरून खरोखर उतरवून झालेत. ऑटिझमचं वर्णन पहिल्यांदा करणाऱ्यांतले एक डॉक्टर, लिओ कॅनर, यांनी 1943 साली ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं त्यांत 3 मुली होत्या, तरी पुढे कित्येक वर्षं ऑटिझम म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगाच. मुलगी असली की हट्टी, नाहीतर झपाटलेली. तुमच्या कादंबरीत तेच खरं ठरलं तर जादूचा उपयोग काय झाला?

'मित्राची गोष्ट' थोर नाटक आहे. पण त्यातली सुमित्रा शेवटी जीव देते, आणि तिची गोष्ट सांगतो बापू. 37 वर्षांनी त्याच्याकडे बोट दाखवून 'झालं की करून' म्हणायचं? तुमची चेटकीण जगू दे, आणि स्वतः बोलू दे.

आणि 'अगं'. बायकोने 'अहो' म्हणायचं आणि नवऱ्याने 'अगं', हे आपण ऐकत आलो. दोघी बायका असल्या की दोन्हीकडून 'अगं'. माझी नायिका आठव्या पानापर्यंत "कासारीणबाई, तुम्ही" म्हणते. नवव्या पानावर पहिलं 'अगं' येतं. संपादकांनी आठवं पान वाचलं होतं की नाही, देव जाणे.

एक अडचण मात्र खरी आहे. "तिने तिचा हात तिच्या हातात घेतला." कुणाचा, कुणाच्या? माझे तीन मसुदे यात गेले. 'आपला हात' म्हटल्याने थोडं सुटतं. नाहीतर एकीला कायम तिच्या धंद्याच्या नावाने हाक मारा, किंवा सरळ 'मी'मध्ये लिहा.

हे सगळं माझ्यापुरतं हं. मला आवाज सोसत नाही, पण माझ्या ओळखीतल्या एका ऑटिस्टिक बाईंना रेडिओ चालू असल्याशिवाय झोप येत नाही. दोन-चार जणींशी बोला, आणि बोलण्याआधी त्यांना वेळ आहे का ते विचारा. शिवाय चूक मीही केलीय. कथेच्या शेवटी नदीतलं खोटं रूप घेऊन आत शिरतं, आणि नायिका त्याला खऱ्या नावाने हाक मारते म्हणून गाव वाचतं, मग गाव तिला ठेवून घेतं. माझ्या जोडीदारणीने वाचून विचारलं, "आणि तिचा काही उपयोग झाला नसता तर?" त्या पानाचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

प्रकाशकांबद्दल विचारलंत. मी कथा मागे घेतली, ती अजून माझ्याकडेच आहे. तेव्हा त्या बाबतीत दुसऱ्या कुणाला तरी विचारा.