बिल्डर प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकत असेल तर सोसायटीचे हक्क कोणते?

नागपूरच्या बेसा भागातील तुमच्या वसाहतीच्या चारपैकी तीन विंग उभ्या आहेत आणि उरलेल्या जागेसह सगळा प्रकल्प बिल्डर दुसऱ्या कंपनीला विकतो आहे. रहिवाशांची संमती त्याला घ्यावी लागते का, असे आपण विचारले आहे. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असून अपूर्ण असेल, तर घ्यावीच लागते. रेरा कायदा, 2016 च्या कलम 15 नुसार दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती आणि महारेराची लेखी मंजुरी, दोन्ही आधी मिळाल्याशिवाय प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, आपले बहुतांश हक्क व दायित्वे इतर कोणाला देता येत नाहीत. एकाच कुटुंबाने पाच सदनिका घेतल्या असल्या तरी मोजणीत ते एकच धरले जाते, म्हणून संमतीपत्रांची यादी सोसायटीने स्वतः तपासावी. नव्या कंपनीवर जुन्या करारनाम्यातील सर्व जबाबदाऱ्या येतात आणि ताबा देण्याची मुदतही वाढत नाही. जागा प्रथम सोसायटीलाच विकावी, असा अग्रहक्क मात्र हा कायदा देत नाही. करारनाम्यात तशी अट असेल तरच तो मागता येईल.

खरा धोका मला जमिनीच्या नावात दिसतो. आमच्या वसाहतीत एके सकाळी बागेच्या मधोमध चुन्याच्या रेषा आखलेल्या दिसल्या. नव्या खरेदीदाराची माणसे मोजणी करून गेली होती, आणि सातबाऱ्यावर अजूनही बिल्डरचेच नाव होते. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकीविषयक कायदा, 1963 खालील नियमांप्रमाणे, करारात वेगळी मुदत नसल्यास, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारत सोसायटीच्या नावे होणे, व्हायला हवे होते. आम्ही मात्र कित्येक वर्षे बिल्डरच्या शब्दावर थांबलो, ही आमची मोठी चूक होती. बिल्डर टाळत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, नमुना 7 मध्ये अर्ज करता येतो आणि त्यावर सहा महिन्यांत निर्णय देणे कायद्याने अपेक्षित आहे.

त्याआधी आपले विक्रीपत्र नीट वाचावे. नागपुरात पुष्कळ इमारती सोसायटी नसून 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालील अपार्टमेंट आहेत. तिथे जमिनीचा अविभक्त हिस्सा प्रत्येकाच्या नावे आधीच दिलेला असतो.

मंजूर नकाशाची प्रमाणित प्रतही आजच मागवून ठेवा. आमच्या सुनावणीत ती बाग मोकळी जागा म्हणून दाखवलेली आहे, हे त्या एका कागदावरूनच सिद्ध झाले.