वाचकांचे प्रश्न : रेंजवर आणि वर्कशॉपमध्ये कान कसे सांभाळावेत?

प्रश्न : माझे शिरोली औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसाचे दोन-तीन तास ग्राइंडर आणि कटिंग मशीन चालते. माझी सोळा वर्षांची मुलगी २५ मीटर पिस्तुलाचा सराव करते आणि तिला रेंजवर नेण्याचे काम माझ्याकडेच आहे. साधा इअरमफ (कान झाकून आवाज अडवणाऱ्या वाट्या) घातला की तिला प्रशिक्षकांचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून ती तो सारखा वर सरकवते. मला चष्मा आहे आणि उन्हाळ्यात घामाने अर्ध्या तासात इअरमफ काढावासा वाटतो. बाहेरचे बोलणे ऐकू येणारा इलेक्ट्रॉनिक इअरमफ घेतला, तर तो आम्हा दोघांनाही चालेल का? घेताना काय पाहावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य, मुलगी इअरमफ ‘सारखा वर सरकवते’, हे आहे. आपण साधन निवडताना त्याच वाक्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. आठ तासांच्या गोंगाटात ३० डेसिबल आवाज अडवणारे साधन जर केवळ अर्धा तास कानांवर नसेल, तर दिवसभराच्या हिशोबात त्याचा लाभ जेमतेम १२ डेसिबल उरतो, कारण दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. रेंजवर तर कानाला इजा व्हायला अर्ध्या तासाचीही गरज नाही. पॉइंट २२ च्या (०.२२ इंची गोळीच्या) एका बाराचा आवाज कानाजवळ १४० डेसिबलच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो, आणि अशा क्षणिक आवाजांसाठी साधारणतः तीच कमाल मर्यादा मानली जाते. मुलीने स्वतः पिस्तूल खाली ठेवले असले, तरी शेजारच्या फायरिंग पॉइंटवरचा बार तिची वाट पाहत नाही. म्हणून इअरमफ सुखद असणे ही चैन नव्हे, संरक्षणाचाच तो भाग आहे.

इलेक्ट्रॉनिक इअरमफ याच अडचणीवर उपाय म्हणून उपयोगी पडतो. त्याच्या वाट्यांवर बाहेरून मायक्रोफोन आणि आतून छोटे स्पीकर असतात. माणसाचे बोलणे तो आत पोहोचवतो आणि आवाज ठरावीक पातळीच्या, बहुतेक साधनांत ८२ डेसिबलच्या आसपास, वर जाऊ लागला की स्पीकरमधून येणारा आवाज तेथेच रोखतो. मात्र एक गैरसमज आधी दूर करायला हवा. बंदुकीचा बार इलेक्ट्रॉनिक भाग अडवत नाही. तो अडवते ती प्लास्टिकची वाटी, तिच्यातला फोम आणि कानाभोवती चपखल बसणारी गादी. सेल संपले तरी हे संरक्षण कायम राहते, आणि गादी नीट बसली नसेल तर कितीही महागडे सर्किट कामाला येत नाही.

त्यामुळे दुकानात आपण प्रथम गादी पाहावी. चष्म्याची काडी गादीखालून जाते तेथे फट पडते, त्या फटीतून आवाज आत शिरतो आणि काही डेसिबल हातचे जातात. याची परीक्षा सोपी आहे. चालू मशीनपासून थोडे दूर उभे राहून, चष्म्यासकट इअरमफ घालावा आणि दोन्ही तळव्यांनी वाट्या डोक्यावर दाबाव्यात. दाबल्याबरोबर आवाज ठळकपणे कमी झाला, तर फट आहे असे समजावे. जाड काडीच्या गॉगलऐवजी पातळ, चपट्या काडीचा चष्मा घेतला की बराच फरक पडतो, आणि जेल भरलेली गादी फोमच्या गादीपेक्षा काडीभोवती अधिक चांगली बसते व कानशिलालाही कमी टोचते. मुलीच्या बाबतीत कानातले टॉप्स सरावापूर्वी काढून ठेवावेत आणि वेणीचे केस गादीखाली येणार नाहीत, याची काळजी घ्यावी. घामासाठी गादीवर चढवायची सुती कव्हरे मिळतात. त्यांनी संरक्षण किंचित घटते, पण इअरमफ काढून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. घामातल्या क्षारांनी गादी कडक होते. बोटाने दाबल्यावर पडलेला खड्डा भरून येत नसेल किंवा कडेला बारीक चिरा दिसत असतील, तर गादी बदलण्याची वेळ झाली आहे. रोज वापर असेल तर सहा महिन्यांनी ती बदलावीच, आणि म्हणून ज्याच्या सुट्या गाद्या आपल्याकडे मिळतात, असेच साधन घ्यावे.

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकी पद्धतीच्या डब्यावर ‘एनआरआर’ आणि युरोपीय पद्धतीच्या डब्यावर ‘एसएनआर’ असा आकडा छापलेला असतो. साधन किती डेसिबल आवाज अडवते, ते तो सांगतो. एकाच इअरमफचा एसएनआर हा एनआरआरपेक्षा सहसा मोठा दिसतो, म्हणून दोन्हींची सरमिसळ करून तुलना करू नये. हॉवर्ड लाइटचा ‘इम्पॅक्ट स्पोर्ट’ हा नेमबाजांत पुष्कळ चालणारा इलेक्ट्रॉनिक इअरमफ आहे आणि त्याचा एनआरआर २२ आहे. थ्रीएमच्या पेल्टर मालिकेतला ‘एक्स ५ ए’ हा साधा, इलेक्ट्रॉनिक नसलेला इअरमफ एनआरआर ३१ चा आहे, पण तो चांगलाच जड आणि फुगीर आहे. हे आकडे प्रयोगशाळेतले असतात. सावध हिशोब करायचा तर आकड्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरावे. म्हणजे २२ चे साडेसात होतात आणि ३१ चे १२. आपल्या शेडमध्ये ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबल आहे असे धरले, तर पहिल्या इअरमफने कानापर्यंत सुमारे ९२ आणि दुसऱ्याने ८८ पोहोचतात. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण मी स्वतः ८५ ची अधिक कडक मर्यादा मानतो आणि त्या मापाने, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा धरून, पहिल्यात जेमतेम दीड तास, तर दुसऱ्यात चार तास काम करता येते. आपले काम दोन-तीन तासांचे आहे, त्यामुळे आपल्यासाठी एकटा इलेक्ट्रॉनिक इअरमफ मला अपुरा वाटतो.

हलका इलेक्ट्रॉनिक इअरमफच हवा असेल, तर ग्राइंडिंगच्या वेळी त्याच्या आत फोमचे इअरप्लग घालावेत. दोन्हींची बेरीज होत नाही, पण दोहोंपैकी जे सरस असेल त्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते. इअरप्लग बारीक वळून, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर-मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. तेलकट, लोखंडाच्या भुग्याने माखलेल्या हातांनी मात्र हे करू नये. हात धुऊन, काम सुरू करण्यापूर्वीच ते घालावेत. सतत चालणाऱ्या मशीनजवळ इअरमफचा आवाज बंद ठेवावा, कारण तेथे मायक्रोफोन तोच गोंगाट दिवसभर ८२ च्या पातळीवर आत सोडत राहतात. गाणी ऐकण्यासाठी जोडायची वायर ड्रिल किंवा लेथजवळ कधीही लोंबकळू देऊ नये. वेल्डिंगची कॅप वारंवार घालावी लागत असेल, तर पट्टी मानेमागून जाणारा प्रकार पाहावा.

मुलीसाठी मात्र इलेक्ट्रॉनिक इअरमफ अवश्य घ्यावा, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवून. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धकाला केवळ आवाज कमी करणारी साधने वापरता येतात. आवाज निर्माण करणारी किंवा संपर्काची साधने चालत नाहीत. याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्या वाटेने जायचे असेल, तर मुलीला साध्या इअरमफची सवयही हवी. रॅपिड टप्प्यात तीन सेकंदांत हात वर उचलून एक गोळी झाडायची असते आणि अशा वेळी कानांना अनोळखी वाटणारी शांतता नडते. तेव्हा प्रशिक्षक चुका समजावतात त्या दिवसांसाठी इलेक्ट्रॉनिक आणि स्पर्धेआधीच्या काही आठवड्यांसाठी साधा, अशी दोन साधने ठेवावीत. छप्पर आणि भिंतींच्या रेंजवर बाराचा आवाज परतून येतो. तेथे आत इअरप्लग घालून इअरमफचा आवाज थोडा वाढवला, तर सूचनाही ऐकू येतात. मागे बसणाऱ्या आपणही कान उघडे ठेवू नयेत.

खरेदीच्या वेळी दोन्ही वाट्यांना वेगळे मायक्रोफोन आहेत ना, हे पाहावे, म्हणजे आवाज कोणत्या बाजूने आला ते कळते. डब्यावर ‘आयएस ९१६७’ हे भारतीय किंवा ‘ईएन ३५२’ हे युरोपीय मानक नसेल, तर तो इअरमफ घेऊ नये. पावसाळ्यात वापर नसताना सेल काढून ठेवावेत.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने लिहितो याला कारण आहे. उमेदवारीच्या काळात एका फोर्जिंग शॉपमध्ये फोरमनचे बोलणे ऐकण्यासाठी मी इअरमफ एका कानावरून सरकवून ठेवत असे. संध्याकाळी कानाला दडे बसत आणि सकाळपर्यंत ते सुटत, म्हणून मी निर्धास्त होतो. आज त्या डाव्या कानात शांत खोलीत अखंड बारीक शिट्टी वाजते, आणि नात फोनवर बोलते तेव्हा तिचे ‘स’ आणि ‘श’ मला वेगळे ओळखता येत नाहीत. आतल्या कानातल्या सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपण दोघांनीही या महिन्यातच ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) करून घ्यावी आणि तो आलेख जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

प्रश्न : मी हौसेने सुतारकाम करतो. राउटर (लाकूड कोरण्याचे यंत्र) चालवताना गोंगाट कमी करणारे ब्लूटूथ इअरबड पुरेसे आहेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाहीत. त्यांतली गोंगाट कमी करण्याची यंत्रणा विमानाच्या किंवा पंख्याच्या सलग, खर्जातल्या घरघरीवर चांगली चालते. राउटरची किंचाळी वरच्या पट्टीतली असते आणि तेथे तिचा प्रभाव फारच थोडा पडतो. शिवाय ज्या इअरबडवर एनआरआर किंवा एसएनआर छापलेला नाही, तो कर्णरक्षक म्हणून तपासलेलाच नसतो. गाणी ऐकायचीच असतील, तर मानांकन असलेला ब्लूटूथ इअरमफ घ्यावा, आणि गाण्याचा आवाज राउटर सुरू करण्यापूर्वी, शांततेत ठरवून नंतर वाढवू नये.