अठरा व्हायच्या आत गाडीची किल्ली द्यायची का?

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा सेकंड पीयूसीला (बारावीला) बेळगावला टिळकवाडीत जातोय, सतरा पूर्ण झालेत. सकाळी ट्युशन, मग कॉलेज, बसला पाय ठेवायला जागा नसते, कधी बस थांबतच नाही. वर्गातली बरीच पोरं ॲक्टिवावरनं येतात म्हणून हा पण हट्ट धरून बसलाय. आमचे हे म्हणतात, गावात चालवतोयच की, देऊन टाकूया. माझा भाऊ चंदगडला असतो, तो म्हणतोय तिकडनं लायसन काढूया. माझा जीव घाबरतोय ओ, काय करू?
– एक आई

उत्तर : ताई, आत्ता देऊ नका. तुमचा जीव घाबरतोय ते बरोबरच आहे आणि घरात हे ठामपणे सांगा.

चंदगडचं आधी सांगते. मोटार वाहन कायदा अख्ख्या देशाला एकच, गिअरची असो बिनगिअरची असो, महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीच्या अलीकडेही अठरा आणि पलीकडेही अठराच. सोळाव्या वर्षी मिळतं असं कुणी सांगेल, ते खरं आहे पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीला, तेही पालकांच्या लेखी संमतीनं, आणि ॲक्टिवाचं इंजिन त्याच्या दुपटीहून मोठं असतं.

आता तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीत १९९ए कलम आलं, त्यात अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय तुम्हाला उरत नाही कारण किल्ली तुम्हीच देणार. वर कुणाला धडक बसली तर विमा कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडनं वसूल करू शकते, म्हणजे एखाद्याचं शेत जाईल हो. आणि हे सगळं पैशाचं झालं, गळिताच्या हंगामात संध्याकाळी उसाचे दोन-दोन ट्रेलर मागे लाइट नसताना रस्त्यानं जात असतात, ते नुसत्या हौसेनं शिकलेल्या पोराला वेळेवर दिसत नाहीत, मला खरी काळजी त्याची वाटते.

पण नुसतं नाही म्हणून पोरगं गप्प बसणार नाही. भात कापणी झाली की स्वतःच्या मोकळ्या शेतात वडिलांनी शेजारी उभं राहून शिकवावं, रस्त्यावर मात्र आणायची नाही. गिअरची गाडी असेल तर क्लच, ब्रेक, हळू वेगात तोल, आठचा आकडा काढणं, टेस्टला हेच लागतं. घरापासून बसस्टॉपपर्यंतच अडचण असेल तर २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किमीच्या वर न जाणारी इलेक्ट्रिक गाडी लायसनशिवाय चालते, पण दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, कागदावर बघून घ्या, आणि ती हायवेवर नकोच. हेल्मेट त्यावर पण.

अठरा पूर्ण झाले की सारथी पोर्टलवर (लायसनची सरकारी वेबसाइट) एलएलचा, म्हणजे शिकाऊ लायसनचा, अर्ज करा, वयाला एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड चालतं. एलएल सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. बेळगाव आरटीओचं (केए-२२) लायसन कोल्हापूर, गोवा कुठेही चालतं, भावाला तेवढं सांगा.

प्रश्न : मी निपाणीची, अठरा झालेत, कारचं एलएल मिळालंय. दादा शेजारी बसला तर कोल्हापूरपर्यंत चालवू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : कायद्यानं चालतं, एलएल देशभर वैध असतं. दादाकडे कारचं पक्कं लायसन पाहिजे आणि तो गाडी थांबवू शकेल असा शेजारी बसलेला पाहिजे, मागे बसून मोबाईल बघणारा नको. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लाव. पण पहिले काही आठवडे एनएच-४८ वर जाऊच नकोस गं, तिथे ट्रक-लक्झरी कुणासाठी थांबत नाहीत. निपाणीतल्याच आतल्या रस्त्यांवर सकाळी लवकर चालव, चढावर हँडब्रेक लावून गाडी मागे न सरकता उचलायची सवय कर आणि रिव्हर्स रोज घे. हे जमलं की दादाला घेऊन एखाद्या रविवारी सकाळी हायवेवर थोडं अंतर जाऊन ये, दिवसाउजेडीच, पाऊस नसताना.